प्रागचा मरियास्तंभ : विजय नेमका कुणाचा?

व्लतावाकाठी

प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात आलेले पाहुणे सगळ्यात आधी खगोलीय घड्याळासमोर गोळा होतात. तास पडतो, खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, गर्दी पांगते. मग चौकातला सोळा-एक मीटर उंचीचा दगडी स्तंभ दिसतो. वर सोनेरी वलय असलेली मरियामाता. बहुतेक गाईड "१६५० चा स्तंभ, १९१८ ला पाडला, २०२० ला परत उभारला" एवढं सांगून पुढे निघतात. आपल्या मराठी सहलींमध्येही मी हेच ऐकते. मधला सगळा भाग गळतो आणि तोच तर महत्त्वाचा आहे, म्हणून हा धागा.

सुरुवात स्तंभाच्या तीस वर्षं आधीपासून करावी लागते. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागच्या पश्चिमेला बीला होरा (पांढरा डोंगर) इथे लढाई झाली. बोहेमियाच्या (आजच्या चेक देशाचा पश्चिम भाग) प्रॉटेस्टंट सरदारांनी हाब्सबर्ग घराण्यातल्या कॅथलिक सम्राट दुसऱ्या फर्डिनांडविरुद्ध बंड केलं होतं. सम्राटाच्या आणि कॅथलिक लीगच्या फौजांनी त्यांचा दोनेक तासांत धुव्वा उडवला. पुढच्या वर्षी २१ जूनला याच चौकात बंडातल्या २७ जणांना जाहीरपणे मारलं. तीन मोठे उमराव, सात सरदार, सतरा नागरिक. त्यांत यान येसेनियस होता, विद्यापीठाचा रेक्टर, प्रागमध्ये जाहीर शवविच्छेदन करून दाखवणारा वैद्य. आधी त्याची जीभ कापली, मग मान. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगलेली होती. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीलगत फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत, ते यांचेच. १६२७ मध्ये बोहेमियात कॅथलिक सोडून दुसरा ख्रिस्ती पंथ पाळायला बंदी आली. ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांनी घरदार सोडलं. शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की त्यांतलाच एक, तो परत कधी मायदेशी आला नाही.

ही जखम चेक मनात फार खोल आहे. स्तंभ मात्र या लढाईचा नाही.

तो आहे १६४८ चा. बोहेमियातल्या त्याच बंडाने पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध संपत आलं होतं, जर्मनीतल्या वेस्टफालियात तहाची बोलणी चालू होती. जुलैच्या २६ तारखेला पहाटे स्वीडिश सेनापती क्योनिग्समार्कची फौज एका फितुराच्या मदतीने शहरात घुसली. व्लतावा नदीच्या डाव्या तीरावरची माला स्त्राना ही वस्ती आणि किल्ला हातचे गेले. दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाने आयुष्यभर जमवलेला कलासंग्रह स्वीडिशांनी गाड्या भरभरून नेला. सैतानाचं बायबल म्हणून प्रसिद्ध असलेली ती अवाढव्य हस्तलिखित पोथी आजही स्टॉकहोमला आहे. उजव्या तीरावरचं जुनं आणि नवं शहर मात्र पडलं नाही. चार्ल्स पुलावर लढायला सैनिकांच्या जोडीला शहरातले कारागीर, व्यापारी आणि विद्यार्थी उभे राहिले. विद्यार्थ्यांच्या तुकडीचं नेतृत्व यिर्झी प्लाखी नावाच्या जेझुइट पाद्र्याने केलं. ज्यू वस्तीतले लोकही बचावात उतरले. ऑक्टोबरपर्यंत वेढा चालला, तह झाल्यावरच उठला. पुलाच्या जुन्या शहराकडच्या बुरुजाला पूर्वेच्या बाजूने चौदाव्या शतकातल्या सुंदर मूर्ती आहेत आणि पश्चिमेची बाजू जवळजवळ बोडकी आहे. तिथलं नक्षीकाम स्वीडिश तोफांनी गेलं. प्रागला आलात तर बुरुजाच्या दोन्ही बाजू बघाच.

या बचावाबद्दल मरियेचे आभार म्हणून सम्राट तिसऱ्या फर्डिनांडने १६५० मध्ये स्तंभ उभारला. शिल्पकार यान यिर्झी बेंड्ल. वर मरिया, खाली चार कोपऱ्यांवर राक्षसी आकृत्यांशी झुंजणारे चार देवदूत. १६५२ च्या जुलैमध्ये सम्राटाच्या हजेरीत त्याचं अर्पण झालं. कल्पना नवीन नव्हती. म्युनिकमध्ये १६३८ ला असा स्तंभ उभा राहिला होता, नंतर व्हिएन्नात. दोन्ही ठिकाणी कारण तेच, स्वीडिशांपासून शहर वाचलं.

आता १९१८. २८ ऑक्टोबरला चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. सहाव्या दिवशी, रविवारी ३ नोव्हेंबरला, बीला होरावर मोठी सभा झाली. तिथून परतलेला जमाव चौकात आला. पुढे होता झिझ्कोव्ह या कामगार वस्तीतला फ्रांता साउअर. झिझ्कोव्हच्या अग्निशमन दलाचे लोक शिड्या-दोर घेऊन आले, दोर अडकवले आणि २६८ वर्षं उभा असलेला स्तंभ खाली ओढला. मूर्तीचे तुकडे झाले. जमावाची समजूत अशी, की हा बीला होराच्या पराभवाचा, म्हणजे आपल्या तीनशे वर्षांच्या गुलामीचा खांब आहे.

म्हणजे ज्या स्तंभामागे प्रागच्या सामान्य माणसांनी आपलं शहर वाचवल्याची गोष्ट होती, तो प्रागच्याच सामान्य माणसांनी स्वातंत्र्याच्या पहिल्या आठवड्यात पाडला. मला याचं फार वाईट वाटतं. जमावाचा राग खरा होता, तीनशे वर्षांचा होता, पण तो चुकीच्या दगडावर निघाला.

१९९० मध्ये स्तंभ परत उभारण्यासाठी संस्था स्थापन झाली. शिल्पकार पेत्र वान्या याने वर्षानुवर्षं प्रतिकृतीवर काम केलं. महापालिकेने २०१७ ला विरोध केला, २३ जानेवारी २०२० ला परवानगी दिली. जूनमध्ये स्तंभ उभा राहिला आणि १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, कार्डिनल डोमिनिक डुका यांनी आशीर्वाद दिला.

माझं मत सरळ आहे. तो परत उभा राहिला हे योग्य झालं. मात्र तो कुणाच्या विजयाचा आहे हे १६४८ च्या त्या पुलापासून सांगितलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

---

दगडफूल

बुरुजाच्या दोन बाजूंचं अगदी बरोबर. आम्ही त्या पुलावरून सकाळ-संध्याकाळ गेलो, एक बाजू एवढी रिकामी का हा प्रश्नच पडला नाही. पुढच्या वेळी मुद्दाम थांबणार.

पाडलेल्या मूर्तीचं पुढे काय झालं?

---

व्लतावाकाठी

तुकडे राष्ट्रीय संग्रहालयाच्या लापिडारियममध्ये आहेत, होलेशोवित्से भागात, जुन्या प्रदर्शन मैदानावर. शहरातली मूळ शिल्पं हवापाण्यापासून वाचवून तिथे ठेवतात. मरियेचं शीर वाचलंय. बेंड्लच्या हातचं मूळ काम बघायचं असेल तर चौकात नाही, तिथे जावं लागतं.

---

उत्तरपेठ

लेख आवडला, मांडणीही स्वच्छ आहे. पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

"चुकीच्या दगडावर राग निघाला" हे वाक्य जमावावर अन्याय करतं. हा स्तंभ उभारणारा कोण? तिसरा फर्डिनांड. त्याचा बाप दुसरा फर्डिनांड, ज्याने त्याच चौकात २७ माणसं मारली. फाशीचा मांडव जिथे उभा होता तिथून काही पावलांवर, जेमतेम २९ वर्षांनी, मुलाने आपल्या पंथाची विजयमूर्ती उभी केली. तेव्हा प्रागमध्ये येसेनियसला डोळ्यांनी बघितलेली माणसं जिवंत असणार. त्यांना तो स्तंभ पुलावरच्या लढाईचा वाटला असेल की मांडवाचा?

दुसरी गोष्ट. १६४८ ला लढणारे नागरिक कॅथलिक होते हे खरं, पण एकवीस वर्षांपूर्वीच्या कायद्याने दुसरं काही असायला परवानगीच नव्हती. ज्यांना वेगळं व्हायचं होतं ते देशाबाहेर होते आणि स्वीडनकडे आशेने बघत होते. कोमेन्स्की त्यांतलाच. वेस्टफालियाच्या तहात या परागंदा लोकांना कुणीही विचारलं नाही, त्यांची परतीची वाट कायमची बंद झाली. प्राग वाचलं तो दिवस त्यांच्यासाठी सगळं संपल्याचा होता. त्यांच्याकडून बोलणारं त्या स्तंभावर काय आहे?

कारण १६४८ चं आहे हे मान्य. पण स्तंभ बोलतो ती भाषा १६२० ची आहे.

---

इसारकाठचा शंतनू

उत्तरपेठ यांच्या शेवटच्या वाक्याला पुष्टी देणारी एक गोष्ट म्युनिकहून.

इथला मरियास्तंभ मारियेनप्लात्झमध्ये आहे, या कुळातला हा वडीलधारा. बव्हेरियाचा निर्वाचक (सम्राट निवडणाऱ्या राजपुत्रांपैकी एक) माक्सिमिलियन पहिला याने तो उभारला, १६३२ च्या स्वीडिश ताब्यात शहर जाळलं-लुटलं गेलं नाही म्हणून. हाच माक्सिमिलियन १६२० ला बीला होराच्या रणांगणावर कॅथलिक लीगचा प्रमुख म्हणून हजर होता. वरची सोनेरी मरिया स्तंभाहून जुनी आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटची. खाली चार चिलखती बालदेवदूत चार प्राण्यांना मारताहेत. सिंह म्हणजे युद्ध, कोंबड्याच्या तोंडाचा सर्प म्हणजे रोगराई, ड्रॅगन म्हणजे दुष्काळ, आणि साप म्हणजे पाखंड. पाखंड म्हणजे इथे प्रॉटेस्टंट पंथ. युद्ध, साथ आणि उपासमार यांच्या रांगेत शेजाऱ्याची श्रद्धा नेऊन बसवली आहे. प्रागचे चार देवदूत याच घराण्यातले.

तरी म्युनिकमध्ये यावर आज कुणी भांडत नाही. बव्हेरियातली अंतरं पूर्वी या स्तंभापासून मोजत, आणि आज तो शहराच्या भेटीगाठींचा खांब आहे. याचं कारण मला असं वाटतं की बव्हेरियात राजा आणि बहुसंख्य प्रजा एकाच पंथाची होती. प्रागमध्ये राजाने प्रजेचा पंथ बदलला. दगड सारखाच असला तरी तो ज्या जमिनीत रोवलाय ती वेगळी आहे.

---

व्लतावाकाठी

उत्तरपेठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कोमेन्स्कीचा मुद्दा जड आहे, तो मी हलका करणार नाही. तहाच्या बातमीने तो किती कोसळला हे त्याच्या लिखाणातून सगळ्यांना माहीत आहे.

पण दोन गोष्टी मला सुटत नाहीत.

एक, पुलावर लढलेल्यांना "कायद्याने कॅथलिक झालेले" म्हणून बाजूला काढलं तर त्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. परागंदा झालेल्यांचा इतिहास आहे, उमरावांचा आहे, सम्राटाचा आहे. मागे राहिलेल्या सुताराचा, खाटकाचा, विद्यार्थ्याचा कुठे आहे? त्यांच्या डोक्यात पंथ असेल-नसेल. शत्रू नदी ओलांडून आला तर आपलं घर लुटलं जाणार हे त्यांना नक्की कळत होतं, कारण पलीकडच्या तीरावर काय चाललंय ते रोज दिसत होतं. क्लेमेंटिनुमच्या (पुलाजवळचं जुनं जेझुइट विद्यालय) आवारात त्या विद्यार्थ्याचा एक पुतळा आहे, १८४७ चा. शहरभर शोधलं तर त्या माणसांची आठवण फार थोड्या ठिकाणी सापडते. हा स्तंभ त्यांतला सगळ्यात मोठा.

दोन, चौकात आज एकटा स्तंभ नाही. चेक धर्मसुधारक यान हुसचं स्मारक आहे, ६ जुलै १९१५ ला, त्याला कॉन्स्टन्सला जिवंत जाळल्याच्या पाचशेव्या वर्षी उभारलेलं. शिल्पकार लादिस्लाव्ह शालोउन. त्यावर हुसचे शब्द आहेत, एकमेकांवर प्रेम करा, प्रत्येकाला सत्य लाभो अशी इच्छा धरा. तीन वर्षं हुस आणि मरिया एकाच चौकात उभे होते. हुसचं स्मारक रुंद, आडवं, माणसांनी भरलेलं. स्तंभ उभा, निमुळता. खाली २७ क्रूस. या तिन्ही गोष्टी एका नजरेत येतात तेव्हा चौक पूर्ण बोलतो असं मला वाटतं. एक काढली की उरलेल्या दोघांचा अर्थही बदलतो.

---

नाशिकरोडची मेघा

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण या धाग्यात आमच्या गावाचा संबंध आहे म्हणून लिहिते.

नाशिकरोडला नेहरूनगरमध्ये बाळ येशूचं देऊळ आहे. हो, आम्ही देऊळच म्हणतो. दर फेब्रुवारीत यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्यापासून लोक येतात, आणि फक्त ख्रिस्ती नाही. माझी आजी दरवर्षी मेणबत्ती लावायला जायची, आमच्या घरी गणपतीही बसतो. ती मुकुट घातलेली, भरजरी झग्यातली बाळमूर्ती ज्या मूळ मूर्तीवरून आली ती प्रागचीच ना? कुठल्या चर्चमध्ये आहे ती? या स्तंभाशी तिचा काही संबंध आहे का?

---

व्लतावाकाठी

मेघाताई, तुमच्या प्रश्नाने या धाग्यातला सगळ्यात मोठा धागा सापडला!

हो, मूळ मूर्ती इथलीच. माला स्त्रानामध्ये कार्मेलाइट संन्याशांच्या चर्चमध्ये आहे. मेणाचा लेप दिलेली, जेमतेम दीड फूट उंचीची, स्पेनहून आलेली. लोब्कोविट्स घराण्यातल्या पोलिक्सेनाने ती १६२८ मध्ये या संन्याशांना दिली. तिचे झगे वर्षभर ऋतूप्रमाणे बदलतात. जगभरातून आलेले झगे वर छोट्या संग्रहालयात ठेवलेत.

आता त्या चर्चचं नाव बघा. विजयी मरियेचं चर्च. विजय कुठला? बीला होराचा!

इमारत मुळात लुथरच्या अनुयायांनी, जर्मन भाषक प्रॉटेस्टंटांनी १६११ ते १६१३ मध्ये बांधली. लढाईनंतर ती त्यांच्याकडून गेली आणि १६२४ मध्ये कार्मेलाइटांना मिळाली. त्यांनाच का? कारण त्यांच्यातला दोमिनिक नावाचा संन्यासी लढाईत कॅथलिक फौजेबरोबर होता. येशूजन्माचं एक चित्र त्याने गळ्यात अडकवून सैनिकांना चेतवलं होतं, त्यातल्या आकृत्यांचे डोळे कुणीतरी फोडलेले होते. ते चित्र पुढे रोमला नेलं आणि तिथल्या एका चर्चलाही विजयी मरियेचंच नाव मिळालं.

म्हणजे प्रागमध्ये बीला होराच्या धार्मिक विजयाचं खरंखुरं, नावासकट स्मारक आहे. ते १९१८ ला कुणी पाडलं नाही आणि आजही त्यावर कुणी वाद घालत नाही. लोक रांगेत उभे राहून बाळ येशूचं दर्शन घेतात. मेक्सिको, फिलिपिन्स, केरळ, गोवा, सगळीकडचे. उत्तरपेठ, मी "चुकीच्या दगडावर" या शब्दांवर ठाम आहे ती यासाठी.

---

उत्तरपेठ

हे मला माहीत नव्हतं, आणि चर्चच्या नावाचा मुद्दा जबरदस्त आहे. मात्र मी त्यातून वेगळा अर्थ काढतो.

ते चर्च वाचलं कारण त्यात लोकांचा जीव गुंतला होता. आजारी मूल, नवस, झगे, मेणबत्त्या. विजय मागे पडला आणि बाळ पुढे आलं. चौकातला स्तंभ शेवटपर्यंत राज्याचा राहिला. त्यामुळे हाब्सबर्गांचं राज्य गेलं तेव्हा त्याच्याबरोबर स्तंभही गेला. मेघाताईंच्या आजींसारखं कुणी स्तंभापाशी जात असतं तर तो दोर लावून ओढायला माणसं जमली नसती.

---

इसारकाठचा शंतनू

जात होते ना. स्तंभाच्या पायथ्याशी कोनाड्यात मरियेचं एक जुनं चित्र होतं, चौकातली मरिया म्हणूनच ते ओळखलं जायचं. तिथे लोक प्रार्थना करत. १९१८ चा जमाव म्हणजे सगळं प्राग नव्हे. पाडताना हळहळणारेही त्याच शहरात होते.

एक मोराव्हियातलं (चेक देशाचा पूर्व भाग) उदाहरण देतो. ओलोमोउत्सचा त्रैक्यस्तंभ, पस्तीस मीटर उंच, १७१६ ते १७५४ बांधकाम चाललं, अर्पणाला हाब्सबर्ग सम्राज्ञी मारिया तेरेसा आली होती. चार वर्षांनी प्रशियाच्या फौजेने शहराला वेढा घातला, गोळे स्तंभाला लागायला लागले. तेव्हा गावकरी मिरवणुकीने निघाले आणि शत्रूच्या सेनापतीला विनंती केली की स्तंभावर मारा करू नका. त्याने ऐकलं. नंतर आठवण म्हणून सोनेरी मुलाम्याचा तोफगोळा स्तंभात बसवला, तो आजही दिसतो. २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथेही राज्य हाब्सबर्गांचंच होतं, पण बांधला तो गावातल्या कारागिरांनी आणि लोकांनी तो आपला मानला. १९१८ ला त्याला कुणी हात लावला नाही.

---

ताम्हण

चर्चा सुंदर चाललीये. माझा प्रश्न वेगळा आहे. पाडलेलं परत बांधणं हेच मला पटत नाही. मूळ तुकडे संग्रहालयात, चौकात नवी नक्कल, आणि पाहणारा समजतो की हे १६५० चं. १९१८ चा तो रविवार हाही इतिहासच आहे. रिकामी जागा ठेवली असती तर लोकांनी विचारलं असतं, इथे काय होतं?

आणि जाता जाता, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या वादांबद्दलही कुणीतरी...

---

व्लतावाकाठी

ताम्हण, एक विनंती, धागा प्रागपुरताच ठेवूया. आपल्याकडच्या वादांची मुळं वेगळी आहेत, त्यांना स्वतंत्र धागा हवा.

रिकाम्या जागेबद्दल: जवळजवळ १०२ वर्षं ती रिकामी होती. नव्वदच्या दशकात फरशीत एक शिळा बसवली होती, इथे स्तंभ होता आणि पुन्हा उभा राहील असं सांगणारी. मी इथे आले तेव्हा लोक त्या शिळेवरून चालत जायचे, कॉफीचे कप हातात घेऊन. रिकाम्या जागेने कुणी प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही.

आता नकलेबद्दल. वान्याने हे यंत्रावर छापून काढलेलं नाही. तुकडे आणि जुनी छायाचित्रं अभ्यासून, दगडात, हाताने घडवलंय. पैसा बव्हंशी लोकवर्गणीचा. २०१९ मध्ये त्याने स्तंभाचे भाग नावेतून व्लतावा नदीने प्रागला आणले. त्याच वर्षी परवानगीची वाट बघून थकल्यावर चौकातली फरशी उचकटायला सुरुवात केली आणि पोलिसांनी थांबवलं. त्याचं ते वागणं मला पटलेलं नाही, शहराचा चौक एका माणसाच्या हट्टाने खणायचा नसतो. पण जे उभं राहिलं ते थातूरमातूर काम नाही. आणि १६५० मध्ये सम्राटाने हुकूम सोडून बांधला, २०२० मध्ये लोकांच्या वर्गणीतून आणि निवडून आलेल्या सभागृहाच्या मतदानाने. उत्तरपेठ यांच्या "राज्याचा स्तंभ" या आक्षेपाला यातून थोडं तरी उत्तर मिळतं असं मला वाटतं.

---

उत्तरपेठ

थोडं मिळतं, हे मान्य. सभागृहात झालेलं मतदान मी नाकारणार नाही. पण ज्या देशात २०२१ च्या जनगणनेत निम्म्याच्या आसपास लोकांनी कुठलाच धर्म नाही असं सांगितलं, तिथल्या प्रमुख चौकात एका पंथाचं चिन्ह नव्याने उभं करायचं तर ते १६४८ चं स्मारक आहे हे तिथे ठळक लिहायला हवं. आणि शेजारच्या २७ क्रूसांचा उल्लेखही त्याच पाटीवर हवा. मग माझा विरोध राहणार नाही.

---

व्लतावाकाठी

पाटी हवीच, आणि २७ क्रूस तिच्यात हवेतच. याला माझा पूर्ण पाठिंबा.

---

खगोलवेडा

कुणी माध्यान्हरेषेबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मला हा स्तंभ माहीत आहे तो त्याच्या सावलीमुळे.

चौकाच्या फरशीत पितळेची एक पट्टी आहे, उत्तर-दक्षिण. तिच्यावर लॅटिन आणि चेकमध्ये कोरलंय की या माध्यान्हरेषेवरून पूर्वी प्रागची वेळ ठरत असे. स्तंभाची सावली या रेषेवर आली की शहरात दुपारचे बारा. स्तंभ पडल्यावर रेषा होती आणि सावली नव्हती, २०२० पासून दोन्ही आहेत.

मात्र मनगटातल्या घड्याळात बारा वाजता बघायला जाल तर सावली रेषेवर नसेल. मध्य युरोपीय वेळ १५ अंश पूर्व रेखांशाची, प्राग साधारण १४.४ अंशावर, म्हणून सरासरी दोन-सव्वादोन मिनिटांचा उशीर. शिवाय सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली पावणेबाराच्या सुमारास रेषेवर येते, फेब्रुवारीच्या मध्यात सव्वाबाराच्या पुढे. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असल्याने जुलैमध्ये एक वाजून आठ मिनिटांच्या आसपास थांबावं लागेल.

---

दगडफूल

वा! आम्ही जुलैमध्येच जाणार आहोत. म्हणजे एकच्या आधी पोचलो तर चालेल? आणि लापिडारियमला जाण्याआधी काही बघून ठेवावं का?

---

व्लतावाकाठी

एकच्या आधी दहा मिनिटं पोचा आणि स्तंभाच्या उत्तरेला उभे राहा, सावली पश्चिमेकडून सरकत येताना दिसेल. घड्याळासमोरची गर्दी एकच्या ठोक्यानंतर तुमच्याकडे येईल, तेव्हा आधीच जागा धरलेली बरी.

लापिडारियम वर्षभर उघडं नसतं, जाण्याआधी वेळापत्रक नक्की बघा. आणि मेघाताईंच्या नाशिकच्या बाळ येशूसाठी माला स्त्रानाचं चर्चही त्याच दिवशी करा. चौकातून पूल ओलांडून चालत जाता येतं, वाटेत बुरुजाची ती बोडकी बाजू लागतेच. चर्चमध्ये प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त प्रार्थना चालू असेल तर फोटो काढू नका.

---

नाशिकरोडची मेघा

दगडफूल, आमच्या आजीच्या नावाने तिथे एक मेणबत्ती लावाल का? फोटो काढता आला तर इथे टाका.

---

दगडफूल

नक्की लावतो, मेघाताई. आजींचं नाव मला संपर्कातून कळवा.